काळी गाडी आणि रोजचं फडकं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना वाट बघायला नको. पार्किंगमध्ये उभ्या काळ्या गाडीचा रंग धुळीने खराब होत नाही. तो धूळ पुसणाऱ्या रोजच्या फडक्याने होतो.

पटत नाही? मग आपल्या डिग्रीला जागून जरा आकडे बघू. रंगाच्या वर क्लिअरकोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा. म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. आता धूळ. आजूबाजूला बांधकाम चालू असेल (पुण्यात कुठे नसतं?) तर तिच्यात वाळू आलीच. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापावर ७ आणि पोलादी सुरीच्या पात्याचा साधारण साडेपाच. म्हणजे सुरीपेक्षा कठीण कण आपण रोज सकाळी दाब देऊन बोनेटवर गोल गोल फिरवतो, आणि ह्याला 'गाडीची काळजी' म्हणतो!

ओरखडे पांढऱ्या गाडीवरही पडतात, फक्त चटकन दिसत नाहीत. काळ्या गाडीवर ऊन पडलं की कोळ्याचं जाळं उमटतं. बिचारी खोटं बोलत नाही, इतकंच.

आता आमच्या सोसायटीचं टाइमटेबल बघा. सातला पार्किंगमध्ये कोरडा झाडू. सगळी धूळ हवेत, तिथून गाड्यांवर. साडेसातला गाडी पुसणारे काका हजर. अर्धी बादली पाणी, एक जुनं बनियन आणि तीस गाड्या. दहाव्या गाडीला आधीच्या नऊ गाड्यांची वाळू फुकट. मग एखाद्या रविवारी कोणीतरी साहेब ओरखडे बघतात आणि काकांवर ओरडतात.

ह्याचा मला मनापासून राग येतो. अर्धी बादली कोणी ठरवली? रोज पुसायचं कोणी ठरवलं? रिक्वायरमेंट आपली, बजेट आपलं, आणि बग निघाला की शिव्या शेवटच्या माणसाला. हेच ऑफिसमध्ये आपल्या बाबतीत झालं की कँटीनमध्ये तासभर कुरकुरतो ना?

"मग कव्हर घाल की!" घाला, पण धुतलेल्या, कोरड्या गाडीवर, बंद गॅरेजमध्ये, आतून मऊ कापड असलेलं. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे अख्ख्या गाडीला एकदम पॉलिशपेपर मारणं. उघड्या पार्किंगमध्ये तर वाऱ्याने फडफडून ते दिवसभर घासत बसतं. आणि सिरॅमिक कोटिंगवाल्यांनो, त्याने धूळ सहज सुटते हे खरं, पण वाळूने घासलं तर ओरखडे त्यावरही पडतात.

माझं म्हणणं साधं आहे. पार्किंग झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. गाडी आठवड्यातून एकदा सावलीत धुवा. आधी वरून खाली नुसतं पाणी ओता, धूळ वाहून जाऊ दे. मग शाम्पू. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. मायक्रोफायबरची चौपदरी घडी घाला, उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एरवी काचा, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट पुसा, बास. पक्ष्याने प्रसाद दिला तर मात्र रविवारची वाट बघू नका, तो रंग खातो. ओलं फडकं ठेवून भिजवा आणि अलगद उचला.

काकांचे पैसे? तेवढेच द्यायचे. दिवस कमी झाले तरी काम नीट होणार आहे. फडकी आणि शाम्पू सोसायटीने आणायचा.

पाणी जास्त लागेल, हे मान्य. उन्हाळ्यात टँकर येत असतील तर पंधरा दिवसांनी धुवा, आणि मधे हात लावू नका. दोन आठवड्यांच्या धुळीने रंगाचं फार बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या इभ्रतीचं, कारण शेजारची गाडी चमकत असते. खरी गोम इथेच आहे. आपल्याला गाडी टिकवायची नसते, सकाळी आठ वाजता लोकांना दाखवायची असते.

दाखवा बापडे. पण मग ओरखडे मोजताना काकांना हाक मारू नका.