प्रवासी कीं पाहुणा?

भूतान देशास जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडून दोन उद्गार नेहमीं ऐकूं येतात. "किती सुखी लोक!" हा पहिला, व "किती जबर कर!" हा दुसरा. आम्हांसही तेथें जाण्याचा योग आला, आणि आमच्या मतें हे दोन्ही उद्गार घाईचे आहेत.

प्रथम कराविषयीं. भूतानचीं दारें परदेशी प्रवाशांस सन १९७४ मध्यें उघडलीं, व तींही बेतानें. सन २०२२ पासून भारतीय प्रवाशास दर रात्रीं १२०० रुपये शुल्क द्यावें लागतें. गरीब विद्यार्थ्यास ही रक्कम जड आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या देशानें सन २००८ च्या राज्यघटनेंत साठ टक्के भूमि सदैव अरण्याखालीं ठेवण्याचें बंधन स्वतःवर घालून घेतलें, त्यानें पाहुण्यांच्या गर्दीसही मर्यादा घातली तर नवल काय? तेथें शिखरें हीं देवतांचीं स्थानें मानतात. म्हणून सन २००३ पासून गिर्यारोहणास पूर्ण बंदी आहे. ७,५७० मीटर उंचीच्या गांगखर पुएन्सुम शिखरावर अद्याप मनुष्याचें पाऊल पडलेलें नाहीं. जें आपणांस करतां येईल तें सर्व केलेंच पाहिजे असें नाहीं, हा धडा आम्हांस शुल्काहून मोलाचा वाटतो.

आतां सुखाविषयीं. राष्ट्राची संपत्ति न मोजतां सुख मोजावें, हा विचार चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनीं मांडला. विचार थोर खराच. परंतु त्यांच्याच कारकीर्दींत, सन १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत, नेपाळी भाषा बोलणाऱ्या सुमारें एक लाख लोकांस देश सोडावा लागला व नेपाळांतील छावण्यांत वर्षानुवर्षें राहावें लागलें. त्यांतील बहुतेकांस पुढें अमेरिकादि दूर देशीं नवें घर शोधावें लागलें. ही गोष्ट आठ दिवसांच्या प्रवाशास कोण सांगणार? ती त्यानें स्वतः वाचून जावी.

पारोजवळील कड्यास बिलगलेला तक्तसंग मठ सन १६९२ चा. सन १९९८ मध्यें तो आगींत जळाला व पुढें पुन्हां बांधला गेला. तेथें पायीं चढून गेल्यावर कॅमेरा दारांतच ठेवावा लागतो. आम्ही तो आनंदानें ठेविला. विद्यार्थिमित्रहो, यजमानाच्या घरची रीत पाहुण्यानें अवश्य पाळावी. कॅमेरा उंबरठ्याबाहेर ठेवावा. डोळे मात्र ठेवूं नयेत.