यादीत नसलेली मुले

जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून बाहेर येणारा, दोऱ्यासारखा लांबलचक जंत. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. तरी १९९६ नंतर भारतात त्याचा रुग्ण सापडला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हे साधले ते गावोगाव फिरून. रुग्ण कुठे आहे, तो कोणत्या विहिरीचे पाणी पितो, हे शोधले गेले. मग तिथले पाणी सुरक्षित केले, फडक्याने गाळून प्यायला शिकवले.

पोटातल्या जंतांवर तर औषध आहे. शाळकरी मुलांच्या शौचाचे नमुने तपासून कुठल्या भागात जंत किती, हे काढतात. प्रमाण २० टक्के किंवा जास्त असेल तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर असेल तर दोनदा गोळी द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल देतात. वय १ ते १९. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी गोळी.

पण फेब्रुवारीत शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊसतोड चालू असते. फडाशेजारी कोप्या पडलेल्या असतात. तिथली मुले गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर असतात, पण राहतात इथे. अनवाणी फिरतात, उघड्यावर बसतात. हुकवर्मची अळी तळपायाच्या कातडीतूनच शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते; मूल फिकट पडते, थकते. गोळी आतले जंत मारते, मातीतली अंडी-अळ्या नाही. म्हणून चप्पल, शौचालय आणि साबणही हवेच.

शिरूर तालुक्यात वढू येथे केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांत घरोघर जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवते. म्हणजे घर न् घर मोजता येते. मग कोपी का सुटावी?

शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही अंगणवाडीत गोळी मिळते. म्हणून वाचक भगिनींनो, शेजारच्या कोपीतल्या आईला तारीख सांगा, मुलांना सोबत न्या. चुकलीच, तर नंतर राहिलेल्यांसाठी दिवस ठेवलेला असतो. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नका. आणि जुम्म्याला नखे काढायची आपल्या घरातली सवय इथेही कामाची आहे. अंडी नखांतच अडकतात.