कपाटातला कॅमेरा

पावसाळ्यात पैनगंगा फुगली की इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्यावर माणसांची रीघ लागते. नांदेड, यवतमाळ, आदिलाबाद अशा तिन्ही बाजूंनी मोटारी येतात आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. पाणी टिपले जाते, पाण्यापुढे उभे राहून स्वतःचे चेहरे टिपले जातात. धबधब्याकडे पाठ करून थोडे चालावे तर किनवट तालुक्यातील कोलाम, गोंड, आंध आणि बंजारा वस्त्या लागतात. तिकडे मात्र कॅमेरा वळत नाही. वळलाच तर दिवाळीच्या सुमारास, दंडारीचा नाच टिपण्यासाठी, आणि तोही परगावच्या माणसाच्या हातातला. या मुलखाची चित्रे पुष्कळ आहेत. या मुलखातील माणसांनी स्वतः काढलेली चित्रे मात्र शोधावी लागतात.

जमीन, पाणी आणि मजुरी यांच्या वाटपातील अन्याय आपल्या कार्यकर्त्यांना चटकन दिसतो. बघण्याच्या आणि दाखवण्याच्या साधनांची वाटणीही तितकीच अन्यायाची आहे, हे अजून आपल्या मनावर पुरते ठसलेले नाही. त्यासाठी हा लेख.

इस्लापूरचा एखादा मुलगा किंवा मुलगी बी.ए. झाल्यावर सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नांदेडला माध्यमांचे शिक्षण घ्यायला जाते, ही गोष्ट लहान नाही. निजामी राजवटीत ज्या भागात मातृभाषेतून शिकणेही दुर्घट होते, त्या भागाला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ मिळाले. पत्रकारिता आणि माध्यमशास्त्र हे विषय जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवले जाऊ लागले. परंतु वर्ग उघडला म्हणजे विद्या हाती आली, असे होत नाही.

काही वर्षांपूर्वी, या भागापासून दूरच्या एका माध्यम विभागात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. त्या विभागाचे नाव घेत नाही, कारण हे दुखणे त्या एकट्याचे नव्हे. एका विद्यार्थ्याने दूरदृश्य, मध्यदृश्य आणि समीपदृश्य यांच्या व्याख्या एकही शब्द न चुकता म्हणून दाखवल्या. ‘आता कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून दाखव,’ असे म्हटल्यावर तो गप्प झाला. ‘सर, कॅमेरा आम्ही पाहिला आहे, हात लावलेला नाही.’ कॅमेरा कपाटात होता, कपाटाची किल्ली लिपिकाकडे होती आणि लिपिक रजेवर होता. त्या लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही. डेडस्टॉकच्या रजिस्टरात त्या वस्तूपुढे त्याची सही होती. लेन्सला चरा पडला असता तर वसुली त्याच्याच पगारातून झाली असती. ज्या व्यवस्थेत यंत्र वापरून झिजवणे हा गुन्हा आणि न वापरता गंजवणे ही दक्षता ठरते, तिथे दुसरे काय होणार? वापरासाठी घेतलेल्या वस्तूला सरकारी भाषा ‘डेडस्टॉक’ म्हणते, ते तिथे अक्षरशः खरे ठरले होते.

यावर एक तयार उत्तर मिळते. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. मग प्रशिक्षणाचे हे अवडंबर कशाला? हे उत्तर मुख्यतः मोबाईल आणि डेटा विकणाऱ्यांच्या सोयीचे आहे. लेखणी विकत घेतल्याने कोणी साक्षर होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. दुपारची वेळ आहे. कापूस वेचणारी बाई रानात उभी आहे आणि तिच्यामागे लखलखीत आकाश आहे. मोबाईल स्वतःच्या हिशेबाने साऱ्या चौकटीतील उजेडाची सरासरी काढतो, आकाश फार उजळ वाटल्याने आत येणारा प्रकाश कमी करतो आणि त्या बाईचा सावळा चेहरा काळा ठिक्कर पडतो. सरासरीच्या या न्यायात आकाश जिंकते आणि मजुराचा चेहरा हरतो. हल्लीचे महागडे फोन हा दोष काहीसा झाकतात. स्वस्तातला फोन झाकत नाही, आणि झाकणे म्हणजे समजणे नव्हे. उजेडाचे माप चेहऱ्यावर घ्यायचे, ते तिथेच कायम करायचे, किंवा आपली जागा बदलून सूर्य आपल्या पाठीशी आणायचा, हे ज्याला शिकवले आहे तोच तो चेहरा वाचवू शकतो. शिकवायला अर्धा तास लागतो. न शिकवल्याची किंमत मात्र त्या बाईला मोजावी लागते; तिचे म्हणणे ऐकू येते, पण ती दिसत नाही.

यंत्र तटस्थ असते, हा एक भाबडा समज आहे. रंगीत छायाचित्रांच्या छपाईत रंग जुळवण्यासाठी अमेरिकेतील कोडॅक कंपनी कित्येक दशके एका गोऱ्या स्त्रीचे चित्र प्रमाण म्हणून पाठवीत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. ती त्वचा नीट उमटली की रंग बरोबर, असे गृहीत होते. इतरांचे चेहरे कसे उमटतात, हा प्रश्नच त्या प्रमाणात बसत नव्हता. यंत्रात कोणाचे प्रमाण भरले आहे हे ओळखणे आणि गरज पडेल तिथे ते हाताने मोडणे, हा तांत्रिक शिक्षणाचा पहिला धडा असला पाहिजे.

पुढचे धडेही तितकेच साधे आणि तितकेच राजकीय आहेत. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. शटर तिच्याशी जुळवले नाही तर जुन्या ट्यूबच्या उजेडात घेतलेल्या ग्रामसभेच्या चित्रावर पट्टे सरकत राहतात. वाऱ्यात दूर उभे राहून घेतलेला आवाज पुरावा म्हणून काडीच्या कामाचा नसतो. माईक बोलणाऱ्याच्या छातीजवळ असला पाहिजे. काट्यावर कापूस मोजला जात असताना काट्यावरचा आकडा आणि पावतीवर लिहिला गेलेला आकडा एकाच सलग दृश्यात, मध्ये न तोडता दाखवावा लागतो. मध्ये कात्री लागली की व्यापारी म्हणणार, ‘दुसऱ्याच दिवसाचे जोडले आहे.’ दृश्य कुठे तोडावे हे संकलन शिकवते. कुठे मुळीच तोडू नये हेही त्यानेच कळते.

हे शिकायला पदवी लागते असेही नाही. एकेकाळी आपल्यासारख्याच हैदराबाद संस्थानात असलेल्या, आज तेलंगणात मोडणाऱ्या जहीराबाद परिसरातील पस्तापूर येथे, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतील दलित शेतकरी स्त्रिया नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. त्यांतील अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी आपली नावे दिली. वरून खाली पाहणारा तो ‘पटेल शॉट’, कारण जमीनदार तसाच पाहतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट. डोळ्याला डोळा भिडवून समान पातळीवर घेतलेला तो ‘संघम शॉट’, कारण संघममध्ये सगळ्या एका पातळीवर बसतात. पाठ्यपुस्तकांतल्या कितीतरी पानांना जे साधत नाही ते या तीन नावांनी साधले आहे.

दुसरा आक्षेप असा की ही कला पुण्या-मुंबईची. ज्याच्यात गुण आहे तो तिथवर पोहोचतोच. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटासाठी त्यांना विम्याची पॉलिसी आणि घरातले दागिने पणाला लावावे लागले. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा स्वतःच घडवला, आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट तर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यासक्रमात शिकत असताना झाला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या विमुक्त समाजातील मुलाची ती गोष्ट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचा वर्ग काय करू शकतो हे त्यातून दिसले. पण एका मंजुळेंकडे बोट दाखवून ‘बघा, वाट मोकळी आहे’ असे म्हणणे म्हणजे एका कुळाला जमीन मिळाली म्हणून जमीनसुधारणा पूर्ण झाल्याचे जाहीर करणे होय.

तिसरा आक्षेप आपल्याच साथींचा आहे, म्हणून तो अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे. ‘आधी पोटाचा प्रश्न, मग कॅमेऱ्याचा,’ असे ते म्हणतात. साथींनी आपलाच इतिहास आठवावा. १९७४ मध्ये जयप्रकाशजींचे बिहार आंदोलन आनंद पटवर्धन या तरुणाने हौशी मंडळींच्या सुपर-आठ कॅमेऱ्याच्या साहाय्याने टिपले. आणीबाणीत तो माहितीपट लपूनछपून दाखवला गेला, परदेशी पोहोचला. सरकार जे नाकारत होते ते त्यात दिसत होते. आणि आज? आपला मोर्चा शांततेने निघाला तर वाहिन्यांना त्यात बातमी दिसत नाही. एक दगड पडला की तोच दगड दिवसभर दाखवला जातो. पोटाचा प्रश्न कोणता आणि तो कोणी निर्माण केला, हे लोकांपुढे मांडण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती सोपवून पोटाची लढाई जिंकता येईल काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक माध्यम विभागात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा किती तास राहिला याची नोंद व्हावी आणि अंतर्गत गुण त्यावर ठरावेत. सुटीच्या दिवशी कॅमेरा, माईक आणि ट्रायपॉड गावी नेता यावेत. झीज आणि मोडतोड संस्थेने सोसावी, लिपिकाने नव्हे. पहिला लघुपट विद्यार्थ्याने आपल्या गावात, गोंडी, कोलामी, गोरमाटी अथवा मराठी अशा आपल्या भाषेत करावा. ज्यांना टिपले त्यांची आधी संमती घ्यावी आणि तो सर्वांत आधी त्यांनाच दाखवावा. १९६० साली सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशातील अनेक शहरांत अल्पमुदतीचे वर्ग घेतले. तसा वर्ग किनवटला का नको? तिथे विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे, रेल्वेही जाते.

आणि काही काम आपलेही आहे. शाखांच्या अभ्यासशिबिरात अर्थकारणावरील एक व्याख्यान कमी करून कॅमेऱ्याचे एक प्रात्यक्षिक ठेवावे. अर्थकारणाचे नुकसान होणार नाही. जिल्ह्यातील साथींनी जवळच्या माध्यम विभागात जाऊन कॅमेरे किती, चालू किती आणि कपाटात किती, एवढे तीन प्रश्न विचारावेत. गुणांची भीती असलेला विद्यार्थी किल्ली मागायला एकटा जाऊ शकत नाही. त्याच्यासोबत आपण जावे.