मातृभाषा ही पात्रता नव्हे

शाळांमध्ये इंग्रजीचे परदेशी सहायक नेमणारी ‘जेट’ योजना जपानने १९८७ साली सुरू केली. पहिल्या तुकडीतले ८४८ जण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चारच देशांतले होते. आज देश वाढले. पण अजूनही सहायकाला कोणत्याही विषयाची पदवी चालते, अध्यापनाचे प्रशिक्षण सक्तीचे नाही. मातृभाषक हाच आदर्श शिक्षक, ही समजूत रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्येच तर्कदुष्ट ठरवली होती. मराठी घरात जन्मलेला प्रत्येक जण मराठी शिकवू शकत नाही, हे आपल्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. मग इंग्रजीलाच अपवाद का? यात अवमान दोघांचाही आहे. कष्टाने इंग्रजी शिकून शिक्षक झालेल्या जपानी माणसाचा, आणि उच्चारांचा चालताबोलता नमुना म्हणून वर्गात उभ्या केलेल्या सहायकाचाही.