बाजाराचा कल आणि घरची शिल्लक

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक जवळ आली की भाकितांना उधाण येते. व्याजदर उतरणार की चढणार, सेन्सेक्स उसळणार की घसरणार, रोखे घ्यावेत की विकावेत, ही चर्चा एकेकाळी दलाल स्ट्रीटपुरती मर्यादित होती. आज ती मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात पोहोचली आहे. अर्थकारणाविषयीची ही जागरूकता स्वागतार्हच आहे. मात्र ज्या निर्देशकांच्या आधारे ही भाकिते वर्तविली जातात, ते काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, याचे भान सुटता कामा नये.

मूळ हिशेब सोपा आहे. व्याजदर उतरले की अधिक व्याज देणाऱ्या जुन्या रोख्यांना मागणी येते, त्यांचा भाव चढतो आणि त्यांवरील परतावा उतरतो. दर चढले की याच्या उलट घडते. त्यामुळे दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील परतावा आणि अल्पमुदतीच्या ट्रेझरी बिलांचे दर पाहून बाजाराची अपेक्षा ओळखता येते. शेअर बाजारातील धास्ती ‘इंडिया व्हिक्स’ या निर्देशांकातून कळते. परंतु जी अपेक्षा सर्वांना दिसते, ती भावात आधीच मुरलेली असते. मोठी हालचाल होते ती निर्णय अपेक्षेहून वेगळा निघाला तरच, आणि नेमके तेच हे निर्देशक सांगू शकत नाहीत.

अनुभवही हेच सांगतो. नोटाबंदीनंतर ७ डिसेंबर २०१६ रोजी दरकपात होणार, असे बाजाराने गृहीत धरले होते. समितीने एकमताने रेपो दर ६.२५ टक्क्यांवर कायम ठेवला आणि रोख्यांचे भाव घसरले. ४ मे २०२२ रोजी तर नियोजित बैठक नसतानाच दर ४ वरून ४.४० टक्के करण्यात आला; त्या एका दिवसात सेन्सेक्स १३०० हून अधिक अंशांनी कोसळला. ६ जून २०२५ रोजी बहुतेकांच्या अंदाजाच्या दुप्पट, म्हणजे अर्ध्या टक्क्याची कपात झाली. शेअर बाजार वधारला. परंतु धोरणाचा पवित्रा ‘तटस्थ’ झाल्याने पुढील कपातीची आशा मावळली आणि पुढच्या काही आठवड्यांत दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरील परतावा उतरण्याऐवजी चढला. निर्णयाचा अंदाज बरोबर ठरला, तरी परिणामाचा अंदाज चुकू शकतो, तो असा.

जिथे जाणकारांची ही गत, तिथे मोबाइलवर वायदे-पर्यायांचे सौदे करणाऱ्या नवशिक्या तरुणाची काय कथा? २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, असे ‘सेबी’चाच अभ्यास सांगतो. हा पैसा कुणाच्या शिक्षणाचा होता, कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा.

याचा अर्थ निर्देशकांकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. मुदत ठेव किती काळासाठी ठेवावी, बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाचा हप्ता वाढला तर तो कसा पेलावा, याचा विचार करताना ते उपयोगी पडतात. हवेचा रोख पाहून शेतकरी पेरणी आखतो; पावसावर पैज लावीत नाही.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी ‘अर्थायाम’ ही संकल्पना मांडताना अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव, दोन्ही समाजाला घातक असल्याचे सांगितले होते. घराघरांतील बचत हा राष्ट्राच्या भांडवलउभारणीचा पाया आहे. ती उद्योगांत, पायाभूत सुविधांत धीराने गुंतली तर देश उभा राहतो. एका दिवसाच्या सट्ट्यात उधळली तर घर मोडते. कार्यकर्त्यांनी आपल्या परिसरातील तरुणांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. लक्ष्मी चंचल असते हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. तिला स्थिर करतो तो संयमच.