आधी बेंच हुक, मग टेबल लॅम्प

गेल्या वार्षिक प्रदर्शनात आमच्या कार्यशाळेच्या टेबलावर शिशमाचा एक टेबल लॅम्प मांडला होता. पॉलिश असे की तोंड दिसावे. एक पालक बराच वेळ तो उलटापालटा करून बघत होते. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या आठवीच्या कॅडेटला त्यांनी विचारले, "बाळ, हा खालचा सांधा कसा केलास?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. सांधा मिस्त्रींनी केला होता, रंधा मी मारला होता आणि मुलाच्या वाट्याला पॉलिश पेपर घासणे आले होते. समोरच्या चिठ्ठीवर नाव मात्र एकट्या त्याचे होते.

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना मी दुसऱ्या कोणाला बोल लावतो आहे असे कोणाला वाटायला नको.

या वर्षी कार्यशाळेच्या सामानासाठी थोडी रक्कम मिळणार आहे. त्यासाठी एक गुळगुळीत कॅटलॉग माझ्या टेबलावर आला. ४५ अंशांत कापण्याचा ॲल्युमिनियमचा माइटर बॉक्स, सरळ भोक पाडण्याचा ड्रिल गाइड, मोजपट्टी बसवलेले स्टॉप, अशी तयार जिगची पानेच्या पाने त्यात आहेत. उस्ताद, यातले काय काय घ्यायचे, असे मला विचारण्यात आले. माझे उत्तर असे : यातले काहीही नको. त्या पैशांत फळ्या, चांगल्या पटाश्या आणि धार लावायचे दगड घ्या. जिग मुले स्वतः करतील आणि पहिल्या सत्रात जिगशिवाय दुसरे काही करणार नाहीत.

ज्या पालकांचा सुतारकामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या घरात दिवाळीला करंजीचा साचा निघतो ना, तो जिगच. साचा काही ताटात वाढत नाहीत, पण त्याच्यामुळे पन्नासावी करंजी पहिलीसारखी होते आणि घरातले लहान पोरही करंजी करू शकते. सुताराच्या जिगचे काम तेच. करवत सरळ चालावी, भोक ठरलेल्या खोलीवर थांबावे, दहा तुकडे एका लांबीचे निघावेत, म्हणून लाकडाच्याच तुकड्यांनी केलेली सोय.

यातली सर्वांत साधी म्हणजे बेंच हुक. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची साधारण २५० बाय २०० मिलिमीटरची फळी घ्यायची. तिच्या एका कडेला खालून एक पट्टी आणि समोरच्या कडेला वरून दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते. वरच्या पट्टीला लाकूड टेकवून डाव्या हाताने दाबून धरायचे आणि उजव्या हाताने करवत चालवायची. जितका जोर लावाल तितकी फळी टेबलाला घट्ट बसते. वरची पट्टी उजवीकडे २५ मिलिमीटर आखूड ठेवतात, म्हणजे करवत पार गेल्यावर दात बेंच हुकच्या फळीत रुततात, टेबलात नाही. बस, एवढेच. दोन पट्ट्या, एक फळी, थोडा सरस आणि सहा स्क्रू.

एवढ्याशा कामात काय शिकणार, असे वाटेल. मोजणे, गुण्याने आखणे, रेघेच्या बाहेरून कापणे, रंध्याने कड सरळ करणे, भोक पाडून मग स्क्रू बसवणे, सगळे यात येते. शिवाय एक गोष्ट अशी येते जी लॅम्पमध्ये येत नाही. वरची पट्टी काटकोनात बसली नाही तर पुढे महिनाभर त्या बेंच हुकवर कापलेला प्रत्येक तुकडा तिरका दिसतो. लॅम्पचा सांधा चुकला तर पुट्टी भरून पॉलिश मारता येते, आणि प्रदर्शनात कोणाला कळत नाही. जिगमधली चूक अशी लपत नाही. ती रोज नव्याने समोर येते आणि ती कोणाची हेही ठाऊक असते, कारण फळीखाली खिळ्याने कोरलेले नाव तुमचेच असते.

आमच्याकडे काही जुने विकतचे बेंच हुक आहेत. मागच्या वर्षी सातवीतला एक मुलगा त्यावर काही केल्या सरळ कापू शकत नव्हता. दोन आठवडे मी त्याला उभे राहण्याची पद्धत, कोपर, मनगट असे सगळे दुरुस्त करत होतो. तिसऱ्या आठवड्यात लाकूड संपले म्हणून मुलांना पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या दिल्या आणि म्हटले, आज आपापले बेंच हुक करा. त्याने वरची पट्टी उजवीकडे न सोडता डावीकडे आखूड सोडली. मी ओरडणार, तेवढ्यात लक्षात आले की पोरगा डावखुरा आहे. त्याने मला ते सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. विकतचे हुक उजव्या हाताचे, म्हणून तो आजवर उलट्या हाताने करवत धरत होता. एकवीस वर्षे फौजेत सुतारकाम केलेल्या माणसाला जे दिसले नाही ते लाकडाच्या दोन पट्ट्यांनी दाखवले.

दुसरी गोष्ट गुण्याची. मुलांना वाटते की दुकानातून आलेला गुण्या बरोबरच असणार. मी त्यांना पहिल्याच तासाला तपासायला लावतो. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून, त्याच जागी, त्याच कडेवरून दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला फाकल्या तर खोटा, आणि जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात. मागे आणलेल्या सहा नव्या गुण्यांपैकी दोन असे खोटे निघाले. तेव्हा एका कॅडेटने विचारले, "उस्ताद, मग खरा काटकोन कुठून आणायचा?" असा प्रश्न मुलाच्या तोंडून यावा म्हणूनच मी हा तास घेतो. दोरी किंवा पट्टी घ्या, ३०, ४० आणि ५० सेंटिमीटरच्या बाजूंचा त्रिकोण आखा. गणिताच्या तासाला पाठ केलेला पायथागोरस इथे कामाला येतो.

त्याच्या पुढची पायरी शूटिंग बोर्ड. यात रंधा आडवा, कुशीवर ठेवून फळीच्या पायरीवरून सरकवतात आणि आडव्या पट्टीला टेकवलेल्या लाकडाचे टोक नेमके काटकोनात किंवा ४५ अंशांत तासले जाते. पट्टी बसवताना आधी एकच स्क्रू घट्ट करायचा, दुसरे टोक केसभर हलवत गुण्याने जुळवायचे, आणि जुळल्यावरच दुसरा स्क्रू. हा केसभर किती महत्त्वाचा ते फोटोच्या चौकटीत दिसते. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तरी तीन कोपरे ओढूनताणून जुळतात आणि सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात गोळा होते, पूर्ण चार अंश. मुले दर वर्षी म्हणतात, उस्ताद, तीन कोपरे बरोबर आले, चौथाच बिघडला. चौथा बिघडलेला नसतो.

तिसरे साधन मार्किंग गेज, इकडचे मिस्त्री त्याला खतकश म्हणतात. लाकडी ठोकळ्यातून आरपार जाणारी एक दांडी, ती अडकवायला पाचर, आणि दांडीच्या टोकाला खिळा. खिळ्याचे टोक सुईसारखे न ठेवता कानशीने पात्यासारखे चपटे करायचे, नाहीतर आडव्या रेषेवर लाकूड फाटते. हे एका वाक्यात सांगून होते, पण मुलांना पटते ते रेघ एकदा फाटल्यावरच.

आता फौजेचे थोडे. मी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये सुतार म्हणून शिकलो. पुढे एका उंचावरच्या ठाण्यावर बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला, तेव्हा पायवाटेवर टाकायला लाकडी जाळ्या हव्या होत्या, ४० नग. सुतार मी एकटा. मदतीला एक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी. मी पहिला अर्धा दिवस एकही जाळी केली नाही, तेव्हा साहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या. मी एका फळीवर ठोकळे मारून साचा केला. दोन लांब पट्ट्या त्यात ठेवायच्या, आडव्या पट्ट्या खाचांत टाकायच्या आणि खिळे मारायचे. मोजायचे काहीच नाही. दुपारनंतर ड्रायव्हर आणि स्वयंपाकी माझ्यापेक्षा भराभर जाळ्या काढत होते.

जिगची ही ताकद फौजांनी फार पूर्वी ओळखली. १७८५ मध्ये फ्रान्समध्ये ओनोरे ब्लांक नावाच्या कारागिराने थॉमस जेफरसन यांच्यासमोर बंदुकीच्या ५० लॉकचे, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, सुटे भाग ठेवले. जेफरसन यांनी हाताला लागतील ते भाग उचलून स्वतः काही लॉक जोडले आणि ते बरोबर जुळले. त्या काळी प्रत्येक बंदुकीचे भाग कारागीर कानशीने एकमेकांना जुळवून घेत असे, एकाचा भाग दुसरीला बसत नसे. ब्लांकने कौशल्य माणसाच्या बोटांतून काढून साच्यांत आणि मापांत ठेवले होते.

पण नीट पाहिले तर ही गोष्ट माझ्याच विरुद्ध जाते. कौशल्य जिगमध्येच असेल, तर चांगली जिग विकत घ्या आणि मोकळे व्हा, असे कोणीही म्हणेल. कारखान्यासाठी ते खरे आहे. माझ्या त्या ठाण्यावर ड्रायव्हरला जाळी करता आली, पण साचा मोडला असता तर त्याला दुसरा करता आला नसता. आपल्या शाळेला ४० जाळ्या नको आहेत. इथली मुले उद्या जिथे उभी राहतील तिथे कॅटलॉग पोहोचणार नाही, आणि समोरच्या कामाला साचा कसा हवा हे ठरवणारा माणूस तिथे हवा असेल. सुतारकामाच्या तासाला मी ते शिकवू शकतो. प्रदर्शनातल्या लॅम्पने ते शिकवले नाही.

माझ्या काही सहकाऱ्यांचे आक्षेप आहेत. वेळ नाही, हा पहिला. आठवड्याला दोन तासिका मिळतात. बेंच हुकला तीन आठवडे, गेजला तीन, शूटिंग बोर्डला चार, म्हणजे दहा आठवडे. सत्र त्यात जाते हे मान्य. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. इथे राजस्थानात मे महिन्यात लाकूड पापडासारखे वाळते आणि जुलैत दमट हवेने फुगते. एप्रिलमध्ये खरी असलेली लाकडी पट्टी ऑगस्टमध्ये खरी राहीलच असे नाही. ॲल्युमिनियमला हा त्रास नाही, कॅटलॉगवाल्यांची ही बाजू खरी आहे. म्हणून तळाला प्लायवुड वापरायचे आणि सुट्टीनंतरचा पहिला तास जिग पुन्हा तपासण्यात घालवायचा. मुलांना हा तास कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटायचा.

सगळेच घरी करा असेही माझे म्हणणे नाही. करवत, पटाशी, रंध्याचे पाते ही विकतच घ्यावीत आणि चांगली घ्यावीत. जुन्या कानशीची पटाशी करण्याची हौस काही मुलांना असते. कानशीचे पोलाद फार कडक आणि ठिसूळ, हातोड्याच्या घावाने त्याचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ते माझ्या कार्यशाळेत चालणार नाही. विजेच्या करवतीसाठी घरगुती जिग करण्यालाही मी परवानगी देणार नाही, कोणी कितीही मोठ्या वर्गातला असो.

लाकडाबद्दल एक जाता जाता. इथला शिशम म्हणजे आपल्याकडचा शिसव नव्हे. नाव आणि रंग जवळचे, झाड वेगळे. सुट्टीवर जाताना बरेच मराठी पालक शिसव समजून इथले शिशमाचे सामान घेऊन जातात. सामान चांगलेच असते, पण माहीत असावे. जिगसाठी दोन्हीही नकोत, एवढे महागाचे लाकूड त्यात घालायची गरज नाही.

माझे म्हणणे मान्य झाले तर येत्या प्रदर्शनात आमच्या टेबलावर लॅम्प नसेल. खोक्यांच्या फळ्यांची बेंच हुक असतील, करवतीचे चरे पडलेली, सरसाचे डाग असलेली, काही थोडी तिरकी. दिसायला बरी दिसणार नाहीत. आलेल्या पालकांना एक विनंती : मुलाच्या हातात गुण्या द्या आणि उलटा करून तपासून दाखव म्हणा. तो माझ्याकडे बघणार नाही.

आणि बदलीच्या वेळी घरचे सामान भरून आलेली पाइनची खोकी जळणाला देऊ नका. सुट्टीवरून परतताना दोन फळ्या मुलाबरोबर पाठवा. खिळे काढून पाठवलेत तर उपकार होतील, मागच्या वेळी एका खिळ्याने माझ्या रंध्याचे पाते गेले.