पारशिवनीतील राजकीय कल व मतदान
पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण रामटेक विधानसभा मतदारसंघात, तसेच अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या रामटेक लोकसभा मतदारसंघात मोडते. २०२४ मध्ये अवघ्या सात महिन्यांत या दोन मतदारसंघांनी भिन्न कौल दिले. १९ एप्रिलच्या लोकसभा मतदानात काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे यांनी शिवसेनेचे राजू पारवे यांचा पराभव केला. २० नोव्हेंबरच्या मतदानात शिवसेनेचे आशिष जयस्वाल विधानसभेवर निवडून आले. हेच जयस्वाल २०१९ मध्ये अपक्ष म्हणून विजयी झाले होते, तर २०१४ मध्ये ही जागा भाजपचे मल्लिकार्जुन रेड्डी यांनी जिंकली होती. यावरून पक्षाइतकाच उमेदवाराचा वैयक्तिक जनाधारही येथे महत्त्वाचा असल्याचे दिसते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रामटेकमध्ये सुमारे ६१ टक्के, तर त्याच दिवशी शेजारच्या, शहरी नागपूर मतदारसंघात सुमारे ५४ टक्के मतदान झाले. मात्र हे आकडे संपूर्ण मतदारसंघांचे आहेत. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष नमूद करता येतो. भारतात तशी तरतूद नाही. त्यामुळे केवळ पारशिवनीचा कल जाणून घेण्यासाठी नमुना २० मधील मतदान केंद्रनिहाय मते तपासावी लागतात.